ओनिल सिरवाचं धुराडं

ओनिल सिरवा गाडी चालवताना रस्त्याकडे बघत नाही. लोकांच्या धुराड्यांकडे बघतो.

भिंतीवरच्या तापमापकाला तो आधी टिचकी मारतो, मग वाचतो. आकडा पटला नाही तर पुन्हा टिचकी मारतो.

वारा कुठून शिरतो ते शोधायला खिडकीपाशी मेणबत्ती धरतो. ज्योत हलली की म्हणतो, मेणबत्तीच हलकी आहे.

मे महिन्यात खिडक्यांचं प्लॅस्टिक उतरवलं की खिळे उपटतो, हातोडीनं सरळ करतो आणि कॉफीच्या डब्यात ठेवतो. पुढच्या वर्षी ठोकताना त्यातले निम्मे वाकतात. ते पुन्हा सरळ करतो.

ब्रेड संपला की त्याची प्लॅस्टिकची पिशवी झटकून खिशात घालतो. हिवाळ्यात ती मोजा आणि बूट यांच्या मध्ये जाते. चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकले की त्याचे पाय चुरचुर वाजतात.

दुसऱ्याच्या घरी गेला की कोट काढत नाही. "राहू द्या, तुमच्याकडे फारच गरम होतं," म्हणतो. गरम होतं म्हणून कोट काढायचा नाही, हे वाक्य त्याची बायको वेल्मा चाळीस वर्षं ऐकते आहे. चाळीस वर्षांत तिला त्याचा अर्थ लागलेला नाही.

वेल्माला ही यादी तोंडपाठ आहे. बटाटे सोलताना ती जपमाळेसारखा एकेक मणी ओढते.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो त्या काठावर, सप्टेंबर संपता संपता शेतांतले बटाटे निघतात आणि माणसं घरांकडे वळतात. घराच्या पायाभोवती डांबरी कागद लावायचा. त्याला टेकवून फर झाडाच्या हिरव्या फांद्या दाट रचायच्या. पुढे बर्फ पडला की तो त्या फांद्यांवर बसतो आणि घराला गोधडी मिळते. खिडक्यांना बाहेरून प्लॅस्टिक. वरच्या मजल्याला कुलूप. दाराखाली चिंध्यांची गुंडाळी. सगळेच करतात. पैसे कमी असलेले जास्त करतात. यात कुणाला लाज वाटत नाही.

लाज असते ती घर तापवायच्या चुलीची; स्वयंपाक गॅसवर होतो. पहिला धूर कुणाच्या धुराड्यातून निघाला, हे गाव बघतं. सप्टेंबरात निघाला तर म्हणतात, म्हातारा झाला. ऑक्टोबरात निघाला तर म्हणतात, घरात बायकोचं राज्य आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सर्व संतांचा सण येतो. तोवर ज्याची चूल थंड राहील तो खरा गडी. त्याचं नाव गिल्मन गेरेटच्या दुकानात, कॉफीच्या यंत्राच्या वर टांगलेल्या फळीवर रंगानं लिहितात.

फळीवर दहा वर्षांची दहा नावं होती. दहाही ओनिल सिरवा. बाकीच्या गड्यांनी हा खेळ केव्हाच सोडला होता. थंडी वाटली की ते चूल पेटवत, आणि दुकानात येऊन "ओनिल, यंदाही तूच रे!" म्हणत. ते पैजेत नाहीत, प्रेक्षक आहेत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ओनिलला सोडून.

या वेडाला एक मूळ आहे. त्याचा बाप इलेर यानं एका वर्षी सप्टेंबरातच चूल पेटवली. घरात तान्हं पोर होतं आणि त्याचे ओठ निळे पडले होते. गावानं बापाचं नाव 'आगगाडी' ठेवलं. चर्चच्या पायऱ्यांवर बाप दिसला की कुणीतरी शिट्टी मारायचं. बाप मरेपर्यंत ते नाव गेलं नाही. ते तान्हं पोर म्हणजे ओनिल. मोठेपणी त्यानं बापाच्या नावाचा डाग धुवायचं ठरवलं. त्याला नाव दिसलं. ऊब कुणाला मिळाली, ते दिसलं नाही.

असा हा गृहस्थ. वय सहासष्ट. बटाट्याच्या गोदामात तीस वर्षं पट्ट्यावरून पळणाऱ्या बटाट्यांतले सडके निवडून काढले. वेल्मा म्हणते, घरी आल्यावर मात्र त्याला चांगलं काय नि सडकं काय, हे कधी ओळखता आलं नाही. मुलगा आणि मुलगी खाली कनेटिकटला असतात. दोघंही जूनमध्ये येतात. ऑक्टोबरात कधी येत नाहीत.

त्या वर्षी वेल्माची आई येणार होती.

आल्फेना एक्क्याण्णव वर्षांची. गाव तिला मेमेर म्हणायचं, म्हणजे आजी; वेल्मा मामां म्हणायची, म्हणजे आई. रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, तिचं दोन खोल्यांचं घर होतं. ती एकटी राहायची, स्वतः लाकडं फोडायची. ऑगस्टात ती मागच्या पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. तिथे एक खाट तिच्यासाठी ऑक्टोबरअखेरपर्यंत धरून ठेवली होती. हवी तर कायमची.

वेल्मानं बापाला मरताना शब्द दिला होता, आईला आश्रमात टाकणार नाही. तो शब्द आता या खाटेवर येऊन ठेपला होता.

"मामां, तू आमच्याकडे ये," वेल्मा म्हणाली.

म्हातारीनं विचारलं, "तुझ्या नवऱ्याच्या घरात?"

"माझ्याही."

"येते. पंधरा दिवस बघते. जमलं तर राहीन. नाहीतर इथे बटण दाबलं की भिंत गरम होते. भिंतीला मान-अपमान नसतो."

वेल्मा घरी आली आणि ओनिलला म्हणाली, "ऑक्टोबरच्या चौदा तारखेला आई येईल. त्या दिवशी चूल पेटेल."

ओनिल जेवत होता. बकव्हीटच्या पिठाचं प्लॉय, म्हणजे आपलं धिरडंच, त्याला लोणी लावून त्यानं गुंडाळी केली.

"चूल हा आळशाचा उपाय," तो म्हणाला. "घर नीट गुंडाळलं तर आत चार माणसांच्या अंगाची ऊबच पुरते. शास्त्र आहे."

"आपण तीन माणसं आहोत."

"म्हातारी माणसं जास्त ऊब टाकतात."

"ओनिल, तिचं हाड मोडलंय."

"म्हणून तर म्हणतो. हलणार नाही. ऊब एका जागी राहील."

वेल्मानं त्याच्या पुढची लोण्याची वाटी उचलली आणि कपाटात ठेवून दिली. त्याच्या शास्त्राला तिच्याकडे एवढंच उत्तर होतं.

"मेमेरच्या घरीच राहू दोघी," ती एकदा म्हणाली होती. "दोन खोल्या, पटकन तापतात." तेव्हा ओनिल उठून लाकडांच्या छपरीत गेला होता आणि परत येऊन म्हणाला होता, "लाकूड एका घराचं आहे. दोन धुराडी पोसायला आपण काय गव्हर्नर आहोत?" ते मात्र खरं होतं. छपरीत सुकलेलं मेपल कसंबसं एका घराला मार्चपर्यंत पुरेल एवढंच होतं. बाजूला ओलं पॉपलर होतं. ते ओनिलनं स्वस्तात मिळतं म्हणून आणलं होतं. ते जळत नाही, रडतं.

मग ओनिल कामाला लागला. असा उत्साह वेल्मानं लग्नातही पाहिला नव्हता.

गादीच्या दुकानामागच्या कचऱ्यातून त्यानं गाद्यांवरचं प्लॅस्टिक आणलं. गिरणीतून भुसा आणला. निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराच्या पुठ्ठ्याच्या पाट्या आणल्या आणि उत्तरेच्या भिंतीवर बाहेरून ठोकल्या. तो उमेदवार चौदा ठिकाणी हसत होता. बंद खोल्यांच्या दारांच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबली. मागचं दार चिकटपट्टीनं बंद केलं, मग वरून प्लॅस्टिक ठोकलं, मग त्यावर जुनी रजई. खिडक्यांना एकावर एक तीन पदर. तिसऱ्या पदरातून बाहेरचं काही दिसेना. दिवस उगवला की मावळला, हे घड्याळ सांगायचं.

शिडी वेल्मा धरायची. फांद्या वेल्मा ओढायची. खिळा वाकला की "तू शिडी हलवलीस" हेही वेल्मानंच ऐकायचं.

"वाऱ्याला आता परवानगी काढावी लागेल," ओनिल वरून म्हणाला.

"आणि माणसानं श्वास घ्यायचा झाला तर?"

"तू सारखी वाईटच बघतेस."

एक काम त्यानं तिला न सांगता केलं. तिला ते नंतर कळलं; ती अजून सांगते, पण सांगताना हसत नाही. रविवारी ती चर्चला गेली असताना तो छपरावर चढला. बटाट्याच्या पोत्यात चिंध्या ठासून भरल्या, तोंड शिवलं आणि ते पोतं वरून धुराड्यात घट्ट बसवलं. थंड धुराड्यातून घरातली ऊब वर निघून जाते, म्हणे. चूल पेटायचीच नाही पहिल्या तारखेपर्यंत, मग भोक उघडं कशाला ठेवा? आपल्या हुशारीवर तो इतका खूश होता की त्यानं ती कुणाला सांगितली नाही. सणाच्या दिवशी पोतं काढून फळीखाली उभं राहून सांगायची, असा बेत होता.

चौदा तारखेला मेमेर आली. चाकांच्या खुर्चीसकट दोघांनी तिला उचलून आत आणलं. तिनं खिडक्यांकडे पाहिलं.

"कोण मेलंय?"

"कुणी नाही, मेमेर. घर गुंडाळलंय हिवाळ्यासाठी," ओनिल म्हणाला. "बघा, वारा लागतो का."

"वारा नाही लागत."

"बघ!" तो वेल्माकडे वळला.

"उजेडही नाही लागत," म्हातारी म्हणाली. "चूल कुठाय?"

"आहे ना. ही काय."

"ती मला दिसते. पेटलेली कुठाय?"

"एक तारखेला, मेमेर. अठरा दिवस तर राहिले."

म्हातारीनं कोटाची वरची गुंडी लावली. "जावईबुवा," ती म्हणाली, "मी एक्क्याण्णवची आहे. अठरा दिवस म्हणजे माझ्यासाठी थोडे नाहीत."

ओनिल हसला. त्याला वाटलं, विनोद होता.

पहिले दोन दिवस बाहेर ऊन होतं. ओनिल दुकानात जाऊन छाती पुढे काढून सांगे, "म्हातारी सासू घरात आहे, तरी नाही पेटवली." ऐकणारे कॉफीच्या पेल्यात बघत. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि पारा घसरला. घरात लोण्याला सुरी लागेना. तव्यावरचं प्लॉय ताटात येईपर्यंत गार होई. आणि मग घर गळायला लागलं.

छप्पर गळत नव्हतं. श्वास गळत होता. तिघांचा श्वास, बटाट्याची वाफ, धुतलेले कपडे, सगळं त्या तीन पदरी प्लॅस्टिकवर जाऊन थेंब होई आणि खाली येई. भिंती ओल्या झाल्या. टॉवेल सुकेना. मेमेरच्या उशीला कुबट वास यायला लागला. रात्री तिच्या कपाळावर थेंब पडे. ती तो पुसून म्हणे, "आशीर्वाद मिळाला."

"घर श्वास घेतंय," ओनिल समजावून सांगत होता. "चांगलं लक्षण आहे."

"घर घेतंय," मेमेर म्हणाली. "मी कधी घ्यायचा?"

तिला खोकला लागला. सुका, बारीक. वेल्मा तो भिंतीपलीकडून ऐके आणि त्यातून बापाचा आवाज येतोय असं तिला वाटे. ती ओनिलला म्हणाली, "आज पेटव."

"तेरा दिवस राहिले."

"ओनिल."

"दहा वर्षं, वेल्मा. अकरावं आहे. तेरा दिवसांसाठी अकरा वर्षं घालवू?"

एरवी खिळा वाकला तरी चिडणारा हा माणूस या वेळी आवाज चढवून बोलला नाही. विनवत होता. वेल्माला त्याची दया आली असती तर बरं झालं असतं. तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओनिल दुकानात गेला. वेल्मानं कोंबडीचा स्ट्यू वाढला. टेबलापाशी एक रिकामी खुर्ची, दोन बायका आणि दोघींच्या अंगावर कोट. म्हातारीनं दोन घास घेतले आणि चमचा ठेवला.

"का गं मामां?"

"कोट घालून जेवतात ते मयताच्या घरी," मेमेर म्हणाली. "मी पाहुणी आहे की मयत, तेवढं सांग. मग जेवते."

वेल्मा उठली. ती छपरीत गेली. मेपलच्या सहा फाळक्या आणल्या. बर्चची साल आणली. चुलीचं दार उघडलं. चाळीस वर्षांत तिनं ऑक्टोबरात ते कधी उघडलं नव्हतं. साल पेटली. फाळक्या तडतडल्या. म्हातारीनं हात पुढे केले.

"आता कसं," ती म्हणाली.

मग चुलीच्या दारातून एक पांढरी जीभ बाहेर आली. वेल्मानं दार लावलं. नळीच्या सांध्यांतून धूर यायला लागला. झाकणाखालून आला. तिनं झडप उघडली. आणखी आला. तिला वाटलं नळी सुटली. ती खिडकी उघडायला धावली. खिडकी उघडली, पण बाहेर तीन पदर प्लॅस्टिक. मागच्या दाराला रजई. पुढचं दार तेवढं उघडं. तिनं मेमेरला खुर्चीसकट ओढलं. उंबऱ्यावर चाक अडलं. तिनं आईला काखेत धरलं आणि उचललं. म्हातारी वजनाला किती हलकी झाली होती, हे तिला तेव्हा कळलं.

दोघी अंगणात बाहेर. मेमेर खोकत होती, वेल्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. घराच्या दारातून आणि उमेदवाराच्या तोंडांमधल्या फटींतून धूर निघत होता. धुराड्यातून मात्र एक रेघही नाही.

गावची आग विझवणारी गाडी दुकानाच्या मागेच उभी असते, आणि गिल्मन गेरेट तिचा मुख्य. धूर बघून पाच मिनिटांत गिल्मनसकट सहा गडी आले. दोघांनी बादलीत चुलीतली लाकडं काढून अंगणात ओतली. तिघांनी हातात सापडलं त्यानं प्लॅस्टिक फाडलं. तीन आठवड्यांचं काम चार मिनिटांत उतरलं. गिल्मन शिडी लावून छपरावर गेला आणि खाली ओरडला, "अरे, इथे तर पोतं आहे!"

"कसलं?"

"बटाट्याचं! शिवलेलं!"

खाली कुणी हसलं नाही आधी. मग एक हसला. मग सगळे.

वेल्मानं तेव्हा वर पाहिलं. गिल्मनच्या हातात पोतं होतं. तिला सगळं कळलं.

ओनिल धावत आला. आगीच्या गाडीमागून, दुकानातून पायीच. त्याला धाप लागली होती. अंगणात आगीच्या गाडीच्या पुढच्या आसनावर मेमेर बसली होती, गाडीचा हीटर तिच्या गुडघ्यांवर सोडलेला. तिच्या नाकाखाली काजळी होती. वेल्माच्या केसांत राख होती. ओनिलनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यानं आधी छपराकडे पाहिलं.

"धुराड्यातून निघाला?" त्यानं विचारलं. "गिल्मन, धुराड्यातून धूर निघाला का?"

गिल्मन पोतं घेऊन उतरत होता. थबकला. "नाही रे. कसा निघेल?"

"मग पेटली असं धरायचं नाही. नियम धुराडं आहे. बरोबर ना? नियम धुराडं आहे."

बाकीचे गडी आपापल्या बुटांकडे बघत उभे होते.

"धरत नाही," गिल्मन हळूच म्हणाला. त्याला वाटलं असेल, या माणसाला आत्ता काहीतरी द्यावं.

आणि ओनिलच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. हसू नव्हतं. पण सुटका होती. वेल्मानं ती पाहिली.

ती गाडीपाशी गेली. "मामां, तुझ्या घराची किल्ली?"

"गळ्यात आहे."

"दे."

मग ती गड्यांकडे वळली. "गिल्मन, तुम्ही सहा जण आहात. गाडीही आहे. छपरीतलं मेपल आईच्या घरी टाकायचं आहे. सगळं."

"वेल्मा," ओनिल म्हणाला, "ते माझं..."

"पॉपलर ठेवते तुला. तुझ्यासारखंच आहे, पेटत नाही."

कुणी तरी खोकलं. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी रांग केली. मेपलच्या फाळक्या हातोहात छपरीतून गाडीवर चढल्या. ज्यांनी दहा वर्षं त्याचं नाव फळीवर रंगवलं होतं, त्यांच्याच हातांतून. ओनिल मध्ये उभा होता. एकदा चुकून एक फाळकी त्याच्याही हातात आली. त्यानं ती पुढे दिली.

त्या संध्याकाळी मेमेरच्या दोन खोल्यांच्या घरातून धूर निघाला. सरळ, निळा. गावात सगळ्यांनी पाहिला. कुणी शिट्टी मारली नाही. वेल्मानं आश्रमाला फोन करून सांगितलं, खाट दुसऱ्या कुणाला द्या.

ओनिलनं खिडक्या पुन्हा झाकल्या नाहीत. पण चूलही पेटवली नाही. कोटात बसला, टोपीत झोपला आणि एक तारखेला सकाळी सहाला त्यानं पॉपलर पेटवलं. धुराड्यातून काळा, ओला धूर आला. दुकानात त्याचं नाव अकराव्यांदा लिहिलं. रंग लावणाऱ्यानं वर न बघता लिहिलं. ओनिल पोत्याची हुशारी सांगणार होता, पण ती सगळ्यांना आधीच माहीत होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो गाडीत फांद्या घेऊन मेमेरच्या घरी आला.

दारावर थाप मारली नाही. घराच्या मागच्या बाजूला डांबरी कागद लावायला लागला. आत हातोडीचे ठोके ऐकू आले.

"उंदीर लागलाय," मेमेर म्हणाली.

"लागू दे."

"विचार त्याला, कुठलं भोक बुजवायला आलाय."

वेल्मा उठली नाही. पण स्वयंपाकघरातल्या खिडकीतून तिला त्याची पाठ दिसत होती. काम तो चांगलं करत होता. फांद्यांची देठं वर, पानं खाली, एकावर एक, बोटभर फट नाही. हे त्याला येतं. चाळीस वर्षांत त्यानं ते फक्त धुराड्याची पैज जिंकायला केलं म्हणून तिनं कधी नीट बघितलं नव्हतं, आणि आता बघूनही तिला त्याबद्दल चांगलं काही वाटेना.

पहिल्या दिवशी मागची बाजू झाली. दुसऱ्या दिवशी उत्तरेची. तिसऱ्या दिवशी दक्षिणेची. तो रोज अंधार पडायच्या आत निघून जाई. गावात कुणी विचारलं तर म्हणे, "फांद्या उरल्या होत्या."

चौथी बाजू दाराची. चौथ्या दिवशी तो आला, फांद्या पायरीपाशी टाकल्या, डांबरी कागद पसरला. पायरीच्या कडेला कागद किती मोडायचा ते बघायला वाकला. आभाळ शिशासारखं खाली आलं होतं. हवेला बर्फाचा वास होता.

वेल्मा आतून खिडकीतून बघत होती. मेमेर झोपली होती. शेवटी वेल्मानं चुलीवर कॉफी ठेवली. दोन पेले काढले. मग दार उघडलं, पुरतं, भिंतीला टेकेपर्यंत.

आतली ऊब त्याच्या तोंडावर गेली असणार. त्यानं वर पाहिलं. चेहरा लाल झाला होता, नाकातून पाणी येत होतं. ती काहीतरी बोलणार होती.

"दार लाव," ओनिल म्हणाला. "ऊब जाते बाहेर."

वेल्मानं दार लावलं.

तो तिथेच उभा राहिला. दार कशाला उघडलं होतं ते त्याला कळलं की नाही, कुणालाच सांगता येत नाही. मग गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

त्या रात्री बर्फ पडला आणि टिकला. फांद्या पायरीपाशी होत्या तशाच ढिगानं पडून राहिल्या. तीन बाजूंनी घराला गोधडी मिळाली. दाराच्या बाजूला डांबरी कागदाचं एक टोक सुटं होतं. वारा सुटला की ते हिवाळाभर भिंतीवर आपटत राहिलं.